एकशे एकोणपन्नास कवट्यांची साक्ष

धुळ्याच्या किंवा जळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला गेलेल्या मुलामुलींच्या हाती एक दिवस माणसाची कवटी येते. सुरुवातीला जरा बिचकत, मग सरावाने, ती मुले कवटी उलटी धरून तिच्या तळाकडे बघायला शिकतात. परीक्षेत विचारतात ते बहुतेक तळाबद्दलच. वरून घुमटासारखी गुळगुळीत दिसणारी कवटी खालून मात्र जुन्या वाड्यासारखी असते. वेशीसारखा एक मोठा दरवाजा आणि त्याच्या आजूबाजूला झरोके, फटी, बोळ, भुयारे.

मोठ्या दरवाजातून पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू वर मेंदूला जाऊन मिळतो. बाकीच्या वाटांनी मेंदूशी जोडलेल्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या ये-जा करतात. वासाचे तंतू नाकाच्या छतावरच्या चाळणीसारख्या हाडातून जातात. डोक्याला जबर मार बसला की हे नाजूक तंतू तुटतात आणि माणसाला वास येईनासा होतो, तो यामुळेच. दृष्टीच्या मज्जातंतूला स्वतंत्र बोगदा आहे. डोळे फिरवणारे तीन मज्जातंतू शेजारच्या एका फटीतून खोबणीत उतरतात. गिळणे, आवाज, हृदयाची गती यांचा कारभार पाहणारे मज्जातंतू ज्या छिद्रातून बाहेर येतात, त्याच छिद्रातून डोक्यातले रक्त मानेच्या मोठ्या शिरेत उतरते.

या बारांपैकी पहिल्या दोन जोड्या सोडल्या, तर उरलेल्या दहांची मूळ ठाणी मेंदूच्या देठात असतात. (अकराव्या जोडीचा बराचसा भाग त्याखाली, मानेतल्या मज्जारज्जूत असतो.) या ठाण्यांना केंद्रके म्हणतात. हुकूम केंद्रकातून सुटतो आणि छिद्रातून बाहेर पडतो. घरोघरी माहीत असलेले उदाहरण घ्या. सकाळी उठावे तर तोंड वाकडे झालेले, एक डोळा मिटत नाही, चूळ भरली की पाणी ओघळते. आपल्याकडे म्हणतात, गार वारा लागला. चेहऱ्याचा मज्जातंतू कानामागच्या हाडातल्या एका अरुंद, वळणावळणाच्या बोळातून येतो. तो सुजला की त्या बोळात त्याला फुगायला जागा नसते. मग तो दबतो आणि चेहऱ्याची ती बाजू बंद पडते. अशा वेळी कपाळाला त्या बाजूने आठी पडत नाही. पक्षाघातात मात्र बिघाड केंद्रकाच्या वर असतो, आणि कपाळाकडे जाणाऱ्या भागाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळत असल्यामुळे तोंड वाकडे होऊनही आठी बहुधा पडते. डॉक्टर रोग्याला भुवया वर करायला सांगतात ते हे पाहण्यासाठी. अर्थात घरच्यांनी आठ्या मोजत बसू नये. तोंड वाकडे झाले की आधी दवाखाना गाठावा.

आता आणखी एक गोष्ट. आंघोळीनंतर आरशासमोर उभे राहून भुवईच्या नाकाकडच्या टोकाजवळ, खोबणीच्या वरच्या कडेवर अंगठा फिरवून पाहा. एक बारीकशी खाच लागेल. कपाळाचा मज्जातंतू तिथून वर चढतो. कित्येकांना एका बाजूला खाच लागते आणि दुसऱ्या बाजूला लागत नाही, कारण तिथे खाचेऐवजी पुरते छिद्र असते. मानेच्या शिरेचे छिद्रही बहुतेक माणसांत उजवीकडे मोठे असते. निसर्गाने कवटीचा डावा अर्धा आणि उजवा अर्धा एका साच्यातून काढलेला नाही. प्रत्येकाचे डोके थोडे वाकडेच असते.

या साध्या शारीरिक वाकडेपणावर शतकापूर्वी बर्लिनमध्ये एक मोठा सिद्धान्त उभा करण्याचा बेत होता, आणि तो सिद्धान्त तपासण्याचे काम एका तरुण मराठी मुलीकडे आले. तिने डावे-उजवे मोजले आणि जे दिसले तेच लिहिले. ती मुलगी म्हणजे इरावती कर्वे. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पण त्यांनी कवट्या मोजल्या होत्या, हे त्यांच्या अनेक वाचकांना ठाऊक नसते.

नदीच्या नावाची मुलगी

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात मिंज्यान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे एका कापूस कंपनीत इंजिनिअर होते. ब्रह्मदेशाच्या मोठ्या नदीचे नाव त्यांनी मुलीला दिले. सात वर्षांची झाल्यावर तिला शिक्षणासाठी पुण्याला पाठवले आणि हुजूरपागेच्या वसतिगृहात ठेवले. आईबाप समुद्रापलीकडे आणि एवढीशी पोर पुण्यात. आजच्या आईला हे वाचूनच कसेसे होईल. पण तिच्या नशिबाने शाळेत एक मैत्रीण भेटली, शकुंतला परांजपे. रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांची ही कन्या. पुढे परांजप्यांच्या घरीच इरू वाढली. घरात पुस्तके होती, वादविवाद होते आणि देवाधर्माबद्दल प्रश्न विचारण्याची मोकळीक होती. रँग्लर स्वतः नास्तिक. जे पटत नाही ते मानायचे नाही आणि जे पटले ते बोलायला कचरायचे नाही, हा त्या घराचा रिवाज होता. पुढे बर्लिनमध्ये कामाला आले ते हेच वळण, असे मला वाटते.

फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन १९२६ साली त्या बी. ए. झाल्या. मग मुंबई विद्यापीठात डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा अभ्यास करून १९२८ साली त्यांनी एम. ए. पदवी मिळवली. दरम्यान दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य, आणि महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव.

स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या घरात सून आली, तर तिला पुढे शिकायला काय अडचण, असे कोणालाही वाटेल. पण सुनेने जर्मनीला जाऊन डॉक्टरेट करायचे ठरवले तेव्हा महर्षींनाच ते रुचले नाही. आता आणखी शिकायची गरज काय, असे त्यांचे मत होते. थोर माणसांच्या थोरपणालाही कुठेतरी कुंपण असते. दिनकरराव मात्र ठामपणे बायकोच्या पाठीशी उभे राहिले. ते स्वतः जर्मनीत शिकून आले होते. तिथले शास्त्र किती पुढे गेले आहे हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. पैशांचा प्रश्न डॉ. जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जाने सुटला. हेच डॉ. मेहता १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

अशी कर्जाच्या पैशावर, सासऱ्यांच्या नाराजीसकट, बावीस-तेवीस वर्षांची ही मुलगी बोटीने युरोपला निघाली. परतताना पदवी हाती असायलाच हवी होती. ती नसती तर कर्ज तेवढे राहिले असते आणि टीकाकारांना आयते बोलायला सापडले असते. बर्लिनमधल्या तिच्या वागण्याची किंमत समजायची तर ही बाजू विसरून चालणार नाही.

गुरूला हवे असलेले उत्तर

बर्लिनच्या डाहलेम उपनगरात १९२७ साली कैसर विल्हेल्म संस्थेची नवी शाखा सुरू झाली होती. मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन हे तिचे विषय. संचालक होते ऑयगेन फिशर. जगभर नाव असलेले शास्त्रज्ञ. त्यांनी १९०८ साली नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत, म्हणजे आजच्या नामिबियात, जाऊन गोरे पुरुष आणि स्थानिक स्त्रिया यांच्या वंशजांचा अभ्यास केला होता आणि १९१३ साली त्यावर ग्रंथ लिहिला होता. वंशावंशांत उच्चनीच असते आणि मिश्रण घातक असते, हे त्यांचे पक्के मत.

इरावतीबाईंना त्यांनी जो विषय दिला तो होता कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक. त्यामागचे अनुमान असे. गोऱ्या युरोपीय माणसाची बुद्धी अधिक तर्कशुद्ध, म्हणून त्याच्या मेंदूचा उजवीकडचा पुढचा भाग अधिक मोठा असणार. त्याला जागा द्यायची तर कवटीही त्या बाजूला अधिक फुगलेली, म्हणजे एकूण अधिक वाकडी असणार. इतर वंशांची कवटी त्या मानाने सारखी. हे एकदा मोजून सिद्ध झाले, की श्रेष्ठत्वाला हाडाचा पुरावा मिळाला.

आज हे वाचताना हसू येते. पण तेव्हा हसण्यासारखी परिस्थिती नव्हती. हे कुठल्या गल्लीतल्या भोंदूचे बोलणे नव्हते. विद्यापीठात शिकवले जाणारे, मापे आणि कोष्टके यांनी सजवलेले शास्त्र होते ते. ज्या देशांवर युरोपचे राज्य होते त्यांना ते राज्य का योग्य आहे हे पटवून देण्यासाठी असे शास्त्र फार सोयीचे पडत असे. आणि आपण विसरू नये, ही विद्यार्थिनी स्वतः अशाच एका गुलाम देशातून आली होती. त्या सिद्धान्तात तिची स्वतःची जागा खालच्या पायरीवर ठरलेली होती.

बर्लिनमधल्या कवट्यांच्या संग्रहांचाही इतिहास स्वच्छ नाही. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतून, कबरी उकरून, फासावर दिलेल्यांची शिरे कापून अशा कवट्या पेट्यांत भरून आणल्या गेल्या. ज्यांची ती डोकी होती त्यांच्या नातलगांना कोणी विचारले नव्हते. टांझानिया, रवांडा, केनिया या भागांतून आलेल्या अकराशेहून अधिक कवट्यांचा उगम शोधण्याचे काम बर्लिनमध्ये अलीकडे झाले. २०२३ साली त्यांतल्या काहींचे आजचे वारस टांझानियात जनुकीय तपासणीतून सापडले. सव्वाशे वर्षांनी आजोबा-पणजोबांचा पत्ता लागला.

इरावतीबाईंनी एकूण १४९ कवट्या मोजल्या. हे काम कसले असते, त्याची कल्पना करा. कवटी एका चौकटीत ठरावीक पातळीवर बसवायची. दोन वाकड्या पायांच्या कंपासाने आणि पट्टीने ठरावीक बिंदूंमधली अंतरे घ्यायची. डावी बाजू, मग उजवी बाजू. पुन्हा डावी, पुन्हा उजवी. फरक मिलिमीटरांत. प्रत्येक आकडा तक्त्यात. हे दिवसच्या दिवस, परक्या देशात, परक्या भाषेत, बर्लिनच्या थंडीत.

मी अडतीस वर्षे बँकेत काढली. आकड्यांशी माणसाचे नाते काय असते ते मी जवळून पाहिले आहे. दिवसाअखेर कीर्द आणि खतावणी यांचा ताळा बसला नाही तर कारकून दोन गोष्टी करू शकतो. रात्री उशिरापर्यंत बसून तफावत शोधू शकतो, किंवा कुठेतरी एक आकडा असा ढकलू शकतो की बेरीज हवी तशी येते. दुसरा मार्ग सोपा असतो आणि साहेबही खूश होतो. मापे घेण्याच्या शास्त्रात तर ही मोकळीक आणखी मोठी. कंपासाचे टोक एक मिलिमीटर इकडे की तिकडे, हे फक्त मोजणाऱ्यालाच माहीत. संशयास्पद दिसणाऱ्या चार कवट्या गाळल्या तर कोण विचारणार? सरासरी आपोआप कलते. खोटे बोलावे लागत नाही. जरा कानाडोळा केला की पुरते.

इरावतीबाईंनी कानाडोळा केला नाही. मापांतून निघाले ते असे. वाकडेपणा आहे. तो युरोपीय कवट्यांत आहे आणि इतरांतही आहे. पण त्याचा वंशाशी काही संबंध दिसत नाही. म्हणजे गुरूचा सिद्धान्त ज्या पायावर उभा राहायचा तो पायाच नाही. हे त्यांनी प्रबंधात मांडले आणि तो प्रबंध ज्यांना ते नको होते त्यांच्याच हाती दिला.

१९३० साली डॉक्टरेट मिळाली. मिळाली ती अगदी खालच्या श्रेणीत.

आजच्या शास्त्राने या प्रकरणाचा निकाल केव्हाच दिला आहे. माणसाच्या मेंदूला एक हलकासा पीळ असतो. पुढचा भाग उजवीकडे आणि मागचा भाग डावीकडे किंचित पुढे आलेला असतो. हा पीळ जगभरच्या माणसांत आढळतो. मज्जातंतूंची केंद्रके त्याच क्रमाने प्रत्येकाच्या मेंदूच्या देठात बसलेली असतात, मग माणूस बर्लिनचा असो की बोदवडचा. छिद्रे लहानमोठी असतात, पण त्यांतून शहाणपण मोजता येत नाही.

संस्थेचे पुढे काय झाले

इरावतीबाई परत आल्या त्यानंतर तीन वर्षांनी, १९३३ साली, हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९३७ साली ऱ्हाईनलँडमधल्या, आफ्रिकी सैनिक आणि जर्मन माता यांच्या मुलांची गुपचूप सक्तीने नसबंदी करण्यात आली. त्यासाठी तज्ज्ञ म्हणून मते देणाऱ्यांत फिशर होते. १९४२ साली ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी ओटमार फॉन फर्शुअर आले. ऑशवित्झच्या छळछावणीत प्रयोग करणारा डॉक्टर मेंगेले हा या फर्शुअरचा शिष्य. मारलेल्या कैद्यांचे अवयव आणि रक्ताचे नमुने ऑशवित्झहून डाहलेमला येत असत.

फिशर यांच्यावर कधी खटला झाला नाही. १९६७ साली वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी ते वारले.

२०१४ साली डाहलेममध्ये त्या संस्थेच्या जुन्या इमारतीजवळ खोदकाम चालू असता माणसांच्या हाडांचे तुकडे निघाले. पुढे उत्खनन केल्यावर असे हजारो तुकडे मिळाले. त्यांत मुलेबाळेही होती. ती कोणाची हे सांगता येणे शक्य नव्हते. आणखी तपासणी करून त्यांची पुन्हा वर्गवारी लावायची नाही, असे ठरले आणि मार्च २०२३ मध्ये त्यांना एकत्र मूठमाती देण्यात आली.

बावीस-तेवीस वर्षांच्या एका मुलीने हे सगळे थांबवले असते असे नव्हे. तिचा प्रबंध छापला गेला आणि कपाटात गेला. इतिहास आपल्या वाटेने गेला. पण त्या इमारतीत १९३० साली कोष्टके खरी सांगत होती, आणि ती खरी सांगणारे कोणीतरी होते, एवढे नोंदलेले राहिले. नंतर कोणी म्हणाले की तेव्हा शास्त्रच तसे होते, आम्ही काय करणार, तर त्याला उत्तर आहे.

कंपास घेऊन खेडोपाडी

परतल्यावर १९३१ पासून काही वर्षे इरावतीबाई श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. कागदपत्रांत त्यांचे मन रमले नाही. १९३९ साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि मग आयुष्यभर तिथेच राहिल्या. रेल्वेने, एस. टी.ने, बैलगाडीने, पायी त्या गावोगाव फिरल्या. कधी मुलांना बरोबर घेऊन, कधी घरी दिनकररावांवर सोपवून. घरात नवऱ्याला ‘दिनू’ म्हणणाऱ्या, पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवणाऱ्या या उंच, गोऱ्या बाईंविषयी शहरात बरीच चर्चा होत असे.

१९४०च्या दशकात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्याबरोबर गुजरातेतल्या लांघणजला त्यांनी उत्खननात भाग घेतला. तिथे अश्मयुगीन माणसांचे सांगाडे सापडले. पुन्हा कवट्या आल्या, पुन्हा कंपास आला.

जिवंत माणसांची मापेही त्या घेत. डोक्याची लांबी-रुंदी, नाक, उंची. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या समाजांच्या मापांचा ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध केला. इथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी. अलीकडच्या अभ्यासकांनी असा आक्षेप घेतला आहे की बर्लिनचा निष्कर्ष नाकारणाऱ्या इरावतीबाईंनी बर्लिनची हत्यारे मात्र टाकली नाहीत. माणसांना गटांत पाडून त्यांची डोकी मोजण्याची पद्धत, वंश हा शब्द, ही सगळी सामग्री त्यांनी महाराष्ट्रात आणली. आक्षेपात तथ्य आहे. ज्या गरीब माणसाचे डोके मोजले जाते तो नाही म्हणू शकतो का, हा प्रश्न बर्लिनच्या पेटीतल्या कवटीइतकाच आपल्या वाडीवस्तीवरच्या माणसालाही लागू आहे.

पण मोजून त्यांना काय सापडले तेही पाहिले पाहिजे. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातीतल्या पोटजाती मापांत एकमेकींसारख्या असतीलच असे नाही, असे त्यांना दिसले. एक मूळ जात फुटून पोटजाती झाल्या, असे पूर्वी मानले जाई. इरावतीबाईंचे म्हणणे उलट होते. वेगवेगळ्या ठिकाणचे, वेगवेगळ्या कुळांचे, एकच धंदा करणारे गट जवळ आले आणि त्यांना एक नाव मिळाले. या मतावरून त्यांचे गुरू घुर्ये यांच्याशीही त्यांचे जुळले नाही. मानववंशशास्त्रातला तिथला गुरू असो की इथला, कोष्टकाने वेगळे सांगितले तर त्या वेगळेच लिहीत.

आपल्या खान्देशाशी त्यांचा संबंध आला तो याच पायपिटीत. धुळे जिल्ह्याला तेव्हा पश्चिम खान्देश म्हणत, आणि आज १९९८ पासून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हाही त्यातच होता. १९५०चे दशक संपता संपता त्यांनी पश्चिम खान्देशातल्या भिल्लांची पाहणी केली आणि त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. साक्री, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हा सगळा मुलूख ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की तिथे फिरणे आजही सोपे नाही. या पुस्तकाचे नाव लक्षात घेण्यासारखे आहे. ती सामाजिक आणि आर्थिक पाहणी आहे. माणूस कसा जगतो, काय पिकवतो, कसा भागवतो, हा तिचा विषय. डोक्याच्या आकारापासून पोटाच्या प्रश्नापर्यंत त्या आल्या होत्या. पुढे कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणीही त्यांनी कन्या जाई निंबकर यांच्यासह केली. तो अहवाल १९६९ साली आला. उकाई आणि सरदार सरोवराच्या पाण्यात गावे गमावलेल्या आपल्या नर्मदा-तापीकाठच्या माणसांना त्या विषयाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

नोकरीत असताना याच मुलखातल्या शाखांत मी काही वर्षे होतो. सही न येणारे खातेदार अंगठा उठवत. पुरुषाचा डावा, बाईचा उजवा, असा बँकांचा रिवाज. हजारो अंगठे माझ्या डोळ्यांखालून गेले. कोणताही दुसऱ्यासारखा नव्हता आणि कोणत्याही अंगठ्यावरून खातेदाराचे शहाणपण कळत नव्हते. कर्ज फेडणारा आणि बुडवणारा, दोघांचे ठसे सारखेच निळे. इरावतीबाईंचे काम मला जवळचे वाटते ते या कारणाने.

चूल कोठे वेगळी होते

माणसामाणसांत अंतर पाडते ती गोष्ट मग कोणती? याचे उत्तर इरावतीबाईंना कवट्यांत सापडले नाही. ते सापडले पंढरीच्या वाटेवर. त्या एका दिंडीबरोबर वारीला चालल्या. ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी तो अनुभव लिहिला आहे. दिंडीत ब्राह्मणही होते आणि मराठेही. दिवसभर सगळे एकत्र चालत, एकत्र अभंग म्हणत. जेवायची वेळ झाली की चुली वेगळ्या होत. इरावतीबाईंना हे फार लागले. त्या दोन्हीकडे जाऊ लागल्या, कारण दोन्ही माणसे त्यांचीच होती.

महाभारताकडेही त्या याच नजरेने पाहत. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतल्या पाठाला धरून, मागाहून चिकटलेला दैवीपणा बाजूला ठेवून, कुंती, गांधारी, द्रौपदी, कर्ण यांना त्यांनी माणसे म्हणून तपासले. ‘युगान्त’ १९६७ साली आले. फिशर वारले तेच हे साल. १९६८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. भीष्माचा त्याग, धर्मराजाचा धर्म, सगळ्यांचा हिशेब त्यांनी मागितला. पुष्कळांना तो रुचला नाही. पण मोठ्या नावापुढे आकडा बदलायची सवय त्यांना नव्हती.

११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्या गेल्या. वय अवघे चौसष्ट. महर्षींची सून, दिनकररावांची पत्नी, जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या दोन लेखिकांची आई, अशी ओळख लोक देत राहिले. दुसऱ्यांच्या नावाने ओळख होण्यातली गंमत त्यांनी स्वतःच ‘परिपूर्ती’ या ललितलेखात हसतहसत लिहून ठेवली आहे. बर्लिनच्या त्या प्रबंधाची आठवण मात्र फार काळ थोड्या जणांपुरतीच राहिली. २०२४ साली त्यांची नात ऊर्मिला देशपांडे आणि ब्राझीलचे अभ्यासक थियागो पिंटो बार्बोसा यांनी लिहिलेले इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा कुठे त्या १४९ कवट्यांची गोष्ट पुन्हा चारचौघांत आली.

आपल्या घरी आजही मुलगी बघायला जाताना नाकडोळे, रंग, उंची आणि जात यांची बेरीज होतेच. अमक्या लोकांचे डोके गणितात चालते, तमक्यांचे धंद्यात, आदिवासी पोराला शिकून काय येणार, ही वाक्ये जेवणाच्या ताटावर सहज निघतात. पुढच्या वेळी असे वाक्य घरात निघाले तर मुलांना इरावतीबाईंची गोष्ट सांगावी. डोकी मोजून पाहिलेल्या बाईंना तसले काही आढळले नव्हते, आणि तसे त्यांनी लिहून दिले होते.